बाळाची नाळ आणि ७८ हजारांचा करार

गेल्या आठवड्यात माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा फोन आला. तिला सातवा महिना आहे. तपासणीला गेली असताना इस्पितळात एक मॅडम भेटल्या, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा म्हणाल्या, आजच नाव नोंदवलं तर सवलत मिळेल म्हणाल्या. "तू केलं होतंस ना गं? करू का मी?" तिला तासभर सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते आहे, कारण म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, पहिलटकरणीला आता हा प्रश्न विचारला जातो, आणि त्या वेळी समजावून सांगायला समोर असतो तो फक्त विकणारा माणूस.

मी डिचोली तालुक्यातली. मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मला दिवस गेले तेव्हा पहिल्या तपासण्यांत एचपीएलसी नावाची रक्ततपासणी झाली. माझं एचबीए-२, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, ५.१ टक्के आलं. ते साधारण साडेतीनच्या वर असलं की थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, असं धरतात. मला त्रास काहीच नाही, हिमोग्लोबिन थोडं कमी असतं इतकंच. डॉक्टरांनी लगेच नवऱ्याचीही तीच तपासणी करून घेतली. त्याची नॉर्मल आली. "मग काळजी नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. काळजी का नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चवथीच्या आधीची गोष्ट. इस्पितळात नंबराची वाट बघत बसले होते, तेव्हा पांढरा कोट घातलेली एक मुलगी शेजारी येऊन बसली. "ताई, मी समुपदेशक आहे," म्हणाली. मी तिला इस्पितळातलीच समजले. ती कंपनीची विक्री प्रतिनिधी होती, हे मला करारावर सही करताना कळलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "तुमचा थॅलेसेमियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे ना?"

पोटात गोळा आला. माझा रिपोर्ट हिला कसा ठाऊक, हे तेव्हा मनात आलंच नाही. थॅलेसेमिया हा शब्द ऐकूनच भीती वाटली. मग तिने मोबाइलवर फोटो दाखवले: हातात सुई टोचलेली, सुजल्या पोटाची लहान मुलं. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं म्हणाली. पुढे म्हणाली, "पण ताई, तुमच्या बाळाचं औषध बाळाच्याच नाळेत आहे. जन्मताना घेतलं तर घेतलं, नंतर देवसुद्धा देणार नाही. ऐंशी आजार बरे होतात."

तिने दिलेल्या ब्रोशरमध्ये पॅरिसची एक गोष्ट होती. १९८८ साली तिथे एका मुलाला नाळेतलं रक्त देऊन वाचवलं, असा जगातला पहिला उपचार. ती वाचून नवऱ्याचा विश्वास बसला.

घरी आमच्या आजेसासूबाई एकट्याच नको म्हणत होत्या. त्या कोंकणीतच बोलतात. "नाळ पुरतात गे बाये, बँकेंत दवरिनात." म्हणजे नाळ पुरतात, बँकेत ठेवत नाहीत. मी त्यांना समजावलं की आई, आता विज्ञान पुढे गेलंय. आमच्या मागच्या दारी माडाच्या आळ्यात त्यांच्या पाचही मुलांची नाळ पुरलेली आहे.

चवथीची खास सवलत धरून नाळेच्या रक्ताचे ५८ हजार आणि नाळेच्या ऊतीचे, म्हणजे कॉर्ड टिश्यूचे, २० हजार, असे एकूण ७८ हजार रुपये झाले. ७५ वर्षांसाठी. ५ हजार जागेवर भरले, बाकीचे १२ हप्त्यांत. करार टॅबवर होता. ती बोटाने पानं सरकवत गेली आणि "इथे, इथे आणि इथे" म्हणत सह्या घेतल्या. माझ्या डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बरेच जण करतात. तुमची इच्छा." ना हो म्हणाल्या, ना नको. डॉक्टर गप्प बसले की आपण त्याला संमती समजतो. त्यांना यात काही मिळत होतं का, याचा माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून तसं म्हणणार नाही. पण पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेऊ नये, असं वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या नियमावलीत आहे. तेव्हा हा प्रश्न तोंडावर विचारायला लाजू नका.

मुलगी झाली. बाळंतपणाच्या खोलीत कंपनीचा माणूस पिशवी घेऊन उभा होता. ती बाहेर आल्या आल्या नाळेला चिमटे लागले आणि नाळ कापली. तिचं रडणं ऐकून मी रडत होते, मला दुसरं काही दिसत नव्हतं. नंतर वाचलं की बाळ जन्मल्यावर निदान एक मिनिट नाळ कापू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तेवढ्या वेळात नाळेतलं बरंच रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने लोहाचा साठा पुरतो. पिशवी भरायची घाई असेल तर ते बाळाला मिळत नाही, आणि बाळाला मिळू दिलं तर पिशवीत कमी पडतं. दोन्ही एकदम होत नाही. हे त्या प्रतिनिधीने सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने मेल आला: "आपल्या बाळाच्या मूलपेशी यशस्वीरीत्या जतन झाल्या आहेत." मूलपेशी म्हणजे नाळेच्या रक्तातल्या, नव्या रक्तपेशी तयार करू शकणाऱ्या पेशी. सोबत एक प्रमाणपत्र, सोनेरी किनारीचं. आम्ही ते देव्हाऱ्याजवळच्या कपाटात ठेवलं. मेलला एक रिपोर्टही जोडलेला होता, पण तो कोणी उघडून समजावला नाही.

मुलगी नऊ महिन्यांची असताना तिचं हिमोग्लोबिन ९.१ आलं. लोहाचे थेंब सुरू केले, थोडा फरक पडला, पण हवा तेवढा नाही. डिचोलीच्या डॉक्टरांनी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, दाखवायला सांगितलं. ती तेव्हा १६ महिन्यांची होती. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, पण मनात एक आधार होता, की काही झालं तरी तिच्या पेशी आपण ठेवल्या आहेत. फाइलमध्ये सगळ्यात वर मी ते प्रमाणपत्र ठेवलं होतं.

बालरोग विभागातल्या डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं आणि आधी आमचे दोघांचे जुने एचपीएलसी रिपोर्ट मागितले. पाहून म्हणाल्या, "हिला थॅलेसेमिया मेजर होऊच शकत नाही." एका कागदावर त्यांनी काढून दाखवलं. मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार, व्हायला बिघडलेलं जनुक आईकडूनही यावं लागतं आणि वडिलांकडूनही. दोघं वाहक असले तर दर गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. एकच वाहक असेल तर मूल फार तर आईसारखं वाहक होईल, त्याची शक्यता निम्मी. माझ्या मुलीची तपासणी झाली तेव्हा ती माझ्यासारखी मायनर निघाली. तिचं हिमोग्लोबिन कमी कशामुळे, मायनरमुळे की लोहामुळे की दोन्हींमुळे, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून नाळ लवकर कापली त्यावर मी तो दोष टाकणार नाही.

मग मी प्रमाणपत्र पुढे केलं. डॉक्टर क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "समजा हिला मेजर असता, तरी या पेशी उपयोगी पडल्या नसत्या. नाळेतलं रक्त हिचंच ना? मग त्यातल्या पेशींतही तेच बिघडलेलं जनुक असणार. थॅलेसेमिया बरा करायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात."

मी खुर्चीतच बसून राहिले. जो आजार माझ्या मुलीला होऊच शकत नव्हता, त्याची भीती घालून मला असं औषध विकलं होतं, जे तो आजार झाला असता तरी चाललं नसतं. आणि ज्या फाइलमध्ये माझा रिपोर्ट होता, त्याच फाइलमध्ये नवऱ्याचा नॉर्मल रिपोर्टही होता. त्या प्रतिनिधीने एक पाहिला असेल तर दुसराही पाहिलाच असणार.

डॉक्टरांनी तो न उघडलेला रिपोर्टही पाहिला. गोळा झालेलं रक्त ३१ मिली. प्रक्रियेनंतर पेशी २.२ × १०⁸. मला तो आकडा मोठा वाटला होता. त्याचा अर्थ २२ कोटी. पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी लागतात असं धरलं, तर २२ कोटी पेशी जेमतेम नऊ किलोच्या मुलाला पुरतात. माझी मुलगी त्या दिवशी १० किलोची होती. म्हणजे ७५ वर्षांचा करार ती दीड वर्षाची होण्याआधीच, वजनाच्या हिशेबानेच, निरुपयोगी झाला होता. पेशी कमी आल्या तर पालकांना कळवून पैसे परत घ्यायचा पर्याय द्यायचा, असं करारात आहे. त्याच्याच खाली एक चौकट आहे: "पेशी कमी असल्या तरी साठवाव्यात, आमची संमती आहे." त्या चौकटीत आधीच खूण केलेली होती.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. "ऐंशी आजार" हे खोटं नाही. पण त्यातल्या बहुतेकांत पेशी दुसऱ्याच्या लागतात, भावंडाच्या किंवा दात्याच्या. जन्मजात रक्तदोषात स्वतःच्या पेशींत तोच दोष असतो, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियातही, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातही, आजाराची सुरुवात जन्माआधीच झालेली असू शकते, म्हणून स्वतःचं नाळेचं रक्त टाळतात. पॅरिसमध्ये उपचार झालेल्या त्या मुलाला असाच एक जन्मजात रक्तदोष, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता आणि त्याला दिलेलं रक्त त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं. आमच्या ब्रोशरमध्ये बहीण नव्हती.

आपल्याकडची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगते की पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. त्याच सूचनांनुसार नाळेच्या रक्ताशिवाय बाकी काही, म्हणजे ऊती, दात वगैरे, व्यावसायिकरीत्या साठवायला परवानगी नाही. आमचे २० हजार त्याच ऊतीसाठी गेले होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये लिहिलंय की स्वतःचं नाळेचं रक्त पहिल्या २० वर्षांत लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के आहे. म्हणजे दहा हजार बाळांत जास्तीत जास्त चार.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे, कारण माझं वाचून कोणी चुकीचा निर्णय घ्यायला नको. घरात मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजरसारखा, मूलपेशी देऊन बरा होणारा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर त्या येणाऱ्या बाळाच्या नाळेचं रक्त जरूर ठेवावं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. पण तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाकडावर शेजारी येऊन बसणाऱ्या माणसाशी बोलून नव्हे.

कंपनीला फोन केला. त्या प्रतिनिधीचा नंबर बंद होता. दुसऱ्या कोणी सांगितलं की संशोधन चालू आहे, उद्या जनुकदुरुस्ती आली की याच पेशी कामी येतील. मी म्हटलं, मला उद्याचं विकलं नव्हतं, आजचं औषध म्हणून विकलं होतं. त्यावर त्यांनी कराराचं कलम वाचून दाखवलं: परतावा नाही, आणि वाद झाल्यास कंपनीच्या शहरातल्याच कोर्टात जावं लागेल.

या शेवटच्या वाक्याने आम्ही दोन महिने हातपाय गाळून बसलो. गोव्याबाहेर कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार? मग नवऱ्याच्या ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, करारात काहीही लिहिलेलं असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, मग नोटीस पाठवली. नोटिशीनंतर ऊतीचे २० हजार परत आले. उरलेल्या ५८ हजारांसाठी उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे, निकाल यायचा आहे.

इस्पितळाला लेखी विचारलं की माझा रिपोर्ट बाहेरच्या माणसाच्या हाती कसा गेला. त्यांनी चौकशी करतो म्हणून कळवलं. त्यानंतर दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलंय. रक्त काढायला हात पुढे केला तो डॉक्टरांवर विश्वास ठेवून.

ज्यांनी असा करार केलेला आहे त्यांनी तो मेल आजच उघडा. रक्त किती मिली, पेशी किती कोटी, आणि ती संमतीची चौकट कोणी भरली, हे बघा. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची असते. आम्ही नोटीस पाठवली तेव्हा सही करून एक वर्ष दहा महिने झाले होते.