कॉन-ए की जॅकलिन?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला वनस्पतीतलं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) हवं म्हटलं की बोलणं बहुधा कॉन-ए (कॉनकॅनाव्हलिन-ए) आणि जॅकलिन या दोघांवर येतं. मी दोन्ही वापरली आहेत.

मान कॉन-एचा मोठा. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सम्नर यांनी १९१९ साली जॅक बीनमधून (आपल्या अबईची बहीण) त्याचे स्फटिक मिळवले, १९७२ मध्ये रचना उलगडली. विकत सहज मिळतं आणि अडलं की कुणीतरी आधी अडलेला सापडतोच. मॅनोज आणि ग्लुकोज या साखरांवर त्याची पकड आहे.

पण ही पकड उसनी. आधी मँगनीज आणि मग कॅल्शियम जागेवर बसतं, तेव्हा कुठे २०७ आणि २०८ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधला बंध सिस रूपात (दोन्ही बाजू एकाच अंगाला) वळतो आणि साखरेची खाच तयार होते. पुस्तकात हे मी कौतुकाने वाचलं होतं. प्रत्यक्षात काय झालं, तर अर्क काढायच्या बफरमध्ये सवयीने ईडीटीए (धातू पकडून ओढून घेणारं रसायन) घातलेलं, आणि तोच अर्क कॉन-ए बसवलेल्या कॉलमवर (साखर धरून प्रथिनं वेगळी करणाऱ्या नळीवर). पहिल्या दिवशी सगळं छान. पुढे दर खेपेला पकड सैल. दोन आठवडे मी नमुन्यालाच दोष देत बसलो. कारण कळल्यावर घाईघाईने कॅल्शियम घातलं, तेही फॉस्फेट बफरमध्ये! ताकासारखं पांढरं झालं सगळं. चूक माझीच, ट्रिस हे दुसरं बफर घ्यायला हवं होतं. पण दर वेळी धातूंची सरबराई करायचा तेव्हापासून कंटाळा आला.

जॅकलिन फणसाच्या आठळीतलं. त्याची रचना १९९६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने काढली. तीन बाजूंचा बीटा-प्रिझम (साखळीच्या पट्ट्यांनी बनलेला तिकोनी साचा), आणि धातूची गरजच नाही. साखळी तयार झाल्यावर वनस्पतीच ती कापते; १३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा, २० चा दुसरा. कापल्याने मोकळं झालेलं ग्लायसिनचं टोक गॅलॅक्टोजला धरतं. त्याच आठळीतल्या आर्टोकार्पिन या दुसऱ्या लेक्टिनचा साचा हाच, पण साखळी अखंड, आणि ते मॅनोज धरतं. एका कापाने आवड बदलते, हे मला अजून गमतीचं वाटतं. अर्थात त्यामुळे कच्च्या अर्कात दोन्ही येतात. गॅलॅक्टोजच्या कॉलमवरून काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

यीस्टच्या मॅनोजयुक्त भिंतीवर काम असेल तर कॉन-एच घ्यावं लागेल, तिथे माझी आवड बाजूला. आयजीए-१ (एक प्रतिपिंड, जॅकलिन त्याला धरतं) वेगळं करायचं असेल किंवा रचना शिकायची असेल, तर मी आठळ्यांकडे वळेन. मात्र त्या कच्च्याच हव्यात. माझ्या पहिल्या पिशवीतल्या घरच्यांनी मीठ घालून उकडून ठेवल्या होत्या.