ज्येष्ठ नागरिक बचत योजना: बँकेत की पोस्टात?

रिटायरमेंटच्या पैशांतला मोठा वाटा या योजनेत टाकायचा, हे बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. खातं कुठे उघडायचं, याचा मात्र फारसा विचार होत नाही. व्याजदर तोच, नियम तेच, हमीही सरकारचीच. आमच्या घरी दोन्ही आहे: माझं खातं बँकेत, हिचं पोस्टात.

सोय बघितली तर बँक पुढे, यात वाद नाही. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. ज्या खात्यातून विजेचं बिल जातं त्यातच ते जमा झाले, की विषय संपला. पोस्टात व्याज पोस्टाच्या बचत खात्यात येतं. थेट बँकेत हवं असेल तर तसा फॉर्म खातं उघडतानाच भरून द्या, नंतर कंटाळा होतो. शिवाय पासबुक छापायचं मशीन बंद, सर्व्हर डाउन, सही जुळत नाही... हे सगळं हिने सोसलंय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तर तिथे जाऊच नये.

तरीही माझं मन पोस्टाकडे झुकतं, आणि त्याला कारण आहे बँकेतला चहा. मोठा चेक दिसला की खुर्ची पुढे सरकते, चहा येतो आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा गुळगुळीत माहितीपत्रक उलगडतो. ‘काका, त्यात पाच वर्षं अडकवण्यापेक्षा हे बघा, गॅरंटीड आहे.’ बारीक अक्षरात बघावं तर विमा, हप्ते दहा वर्षं! साठीच्या माणसाला! नको म्हटलं तर ‘ती स्कीम मोठ्या शाखेत होते’. खातं उघडलं तरी सुटका नाही. दर एप्रिलला टीडीएस कापू नये म्हणून फॉर्म द्यायला गेलो, की तेच माहितीपत्रक नव्या रंगात पुढ्यात. त्या पोराचा तरी काय दोष, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. या योजनेवरचं एजंटांचं कमिशन २०११ सालीच बंद झालंय. ती आपणहून कोण कशाला सुचवेल?

पोस्टातला क्लार्क मान वर करून बघतही नाही. हिला तो खडूस वाटतो, मला तोच बरा वाटतो.

अर्थात पोस्ट लांब असेल, गुडघे साथ देत नसतील किंवा बँकेतलं कोणी खात्रीचं ओळखीचं असेल, तर बँकच घ्या. खातं नंतर बँकेतून पोस्टात किंवा उलट हलवताही येतं. माझी मुदत संपली की बँकेत तीन वर्षं वाढवून घेता येईल, पण बहुधा पैसे काढून पोस्टातच नवं खातं उघडेन.