उभी रिकामी गाडी की फिरती गस्त?

जुळे सोलापुरातल्या एखाद्या चौकात रात्री पोलिसांची जीप उभी दिसली, की ट्रिपल सीट आलेल्यांतला एक जण गुपचूप उतरून चालायला लागतो. आत कुणी आहे का, हे पहिल्या रात्री कोण बघतंय? चार दिवसांनी काचेवर धूळ, टायरपाशी चहाचे कागदी कप. मग तेच तिघे हॉर्न वाजवत निघून जातात.

रिकामी गाडी स्वस्त पडते, एवढं खरं. बेंगळुरूने २०१९ मध्ये चौकांत वर्दीतले पुतळेही उभे केले होते. पण गड्डा यात्रेत होम मैदानावर पाकीट मारलं गेलं, तर त्या गाडीला काय सांगणार?

गस्तीला माणसं लागतात, डिझेल लागतं. तरी माझं मत गस्तीलाच. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधल्या १९९५ च्या अभ्यासात एका जागी १० ते १५ मिनिटं थांबणं सगळ्यात परिणामकारक दिसलं. पुढे थांबून फारसं हाती लागत नाही. म्हणजे गाडी हलती हवी. रिकामी ठेवायचीच, तर जागा तरी रोज बदला.

कायद्याची गोम वेगळीच. पोलिसांनी आपलीच गाडी उभी केली, तर तोतयेगिरी कसली? सोसायटीने जुन्या बोलेरोवर 'पोलीस' रंगवलं, तर मात्र अडचण. नुसत्या रंगावर वकील वाद घालतील; पण पोलीस असल्याचं भासवून कुणाला अडवलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ आहे: किमान ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, वर दंड. त्यापेक्षा गेटवर दिवा लावा आणि ११२ फिरवा.