गच्चीवरचा वेल: जाळी की निंबोळी तेल?

नागपूरच्या धरमपेठेतल्या काकूंच्या गच्चीवर कारलं आणि दोडका आहे. फळं वाकडी होतात, चिरली की आत अळ्या. त्यांचा प्रश्न एकच: जाळी घालू की तेल फवारू?

अळ्या फळमाशीच्या. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, त्यामुळे आत शिरलेल्या अळीपर्यंत तेल पोचतच नाही. इथे जाळी सरस. पण जाळीने मधमाशीही अडते, मग पराग आपणच पोचवायचा. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध अलगद घासा. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ दिसतं. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, म्हणजे दोनदा गच्ची चढा! गुडघे दुखत असतील तर फक्त कोवळ्या फळांना कापडी पिशवी बांधा. फळ तोपर्यंत धरलेलं असतं.

मावा आणि पांढरी माशी या रस शोषणाऱ्या बारीक किडी मात्र मच्छरदाणीच्या कापडातून सहज घुसतात. तिथे तेल बरं: लिटरभर पाण्यात ५ मिली, थोडं साबणाचं पाणी, पानांच्या खालून. दर आठ-दहा दिवसांनी. नागपुरी मे महिन्यात भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. आणि दोडक्याला संध्याकाळी नको, तेव्हाच त्याची फुलं उघडतात. भल्या पहाटे उरका.

खर्च? जाळी एकदाच, तेल पुन्हापुन्हा.

दोन-तीन वेल आणि हाताशी वेळ असेल तर जाळी. मिरची-वांग्याच्या कुंड्यांना तेल. काकूंना मी पिशव्याच सांगितल्या.