बफ मारलेला वस्तरा आणि भाटकाराच्या घराची गोष्ट

"जुना जर्मन वस्तरा, पूर्ण दुरुस्त केलेला, लगेच दाढीला चालेल" असं सांगून गोव्यात कुणी तुम्हाला फोटो पाठवत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेचार हजार गेले. त्याहून जास्त चीड याची आहे की, कुणीतरी एक चांगलं पोलादी पातं कायमचं निकामी केलं आणि त्यावर चकाकी चढवून ते विकलं.

मी डिचोलीला राहतो. जुने वस्तरे मिळवून घरीच त्यांचा गंज काढतो, धार लावतो. आता सलूनमध्ये बदलत्या ब्लेडचेच वस्तरे असतात, त्यामुळे अखंड पात्याचा जुना वस्तरा सहज सापडत नाही. हा माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटला. पुढ्यात मोडकातोडका माल होता, चांगला घरी आहे म्हणाला. "बाब, लोटलेच्या भाटकाराच्या घरांतलो, दीडशें वर्सां पोरनो. मूठ हस्तिदंताची." म्हणजे लोटली गावच्या जमीनदाराच्या घरातला, दीडशे वर्षं जुना. गंज कशाने काढलास असं मी विचारलं, तर म्हणाला, पॉलिश पेपरने, हाताने. रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आले. निम्मे पैसे आधी घेतले, उरलेले पार्सल निघताना.

वस्तरा आला तो आरशासारखा लखलखीत. त्यावर ठसा होता 'मेड इन जर्मनी, सोलिंगेन'; सोलिंगेन म्हणजे पात्यांसाठी प्रसिद्ध असलेलं जर्मन शहर. ही 'मेड इन जर्मनी' अक्षरं मालावर येऊ लागली ती ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे. म्हणजे ठसा खरा मानला तरी दीडशे वर्षांची गोष्ट तिथेच खोटी ठरली. आणि ठसाही खोटाच होता. खरा ठसा पोलाद कडक करण्याआधी ठोकलेला असतो. तो खोल असतो, कडा झिजलेल्या असतात, खाचेत जुना काळेपणा असतो. याची अक्षरं उथळ, एकसारखी आणि ताजी होती, नखाला लागतसुद्धा नव्हती. आधी जुना ठसा बफने, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकाने, पुसला, मग मशीनने नवा कोरला.

खरं नुकसान मात्र धारेचं. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेपाशी अतिशय पातळ. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. कोन पाठच ठरवते. धारेवर मार्करची शाई लावून दगडावरून एकदा हलका हात फिरवला की शाई कुठे गेली ते दिसतं. माझ्या पात्यावर टोकाची आणि मुळाशी असलेली शाई गेली, मधली तशीच राहिली. बफच्या चाकाने पातं पाठीसकट मधोमध खाल्लं होतं, म्हणजे कोनच बिघडला होता. तरीही हजार नंबरच्या दगडापासून बारा हजारापर्यंत चढत गेलो (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). धार आली, मनगटावरचे केस उडाले, पण अर्धा गाल होईपर्यंत ती बोथट झाली. मोटरच्या चाकावर इतकी पातळ कड क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. तापल्याचा निळा रंग येतो, तोही बफ पुढच्या फेरीत पुसून टाकतो. उतरलेलं पाणी घरच्या दगडावर परत येत नाही.

सोनाराच्या दहापट भिंगाखाली धारेच्या अगदी कडेला काळे ठिपकेही दिसले. गंज आत मुरलेला होता. वरवरची चमक त्याला शिवलीही नव्हती.

मुठीबद्दल तर जास्तच सांगायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा; १९९१ च्या दुरुस्तीनंतर आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. त्यामुळे हस्तिदंती म्हणून कुणी विकत असेल तर एकतर तो गुन्हा करतोय, नाहीतर खोटं बोलतोय. माझी मूठ सेल्युलॉइडची निघाली: सरळ, समांतर रेषा, आणि अंगठ्याने जोरात घासली की कापराचा वास. तापलेल्या सुईने तपासायला कृपया जाऊ नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. शिवाय ते कुजू लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद डबीत पातं गंजतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

फोन केला तेव्हा म्हणाला, "तुका धार काडूंक येना." पैसे परत मागितल्यावर नंबर ब्लॉक.

मी आता विक्रेत्याकडून आधी तीन गोष्टी मागतो: सफाईपूर्वीचा फोटो, ठशाचा तिरक्या उजेडातला फोटो आणि पाठीचा सरळ वरून काढलेला फोटो. प्रामाणिक माणूस हे लगेच पाठवतो, आणि त्याच्या वस्तऱ्यावर काळपट डाग राहिलेले असतात, कारण हाताने काम करणारा पात्याच्या जिवावर उठून डाग काढत नाही. असा डागाळलेला वस्तरा मी दुप्पट पैसे देऊनही घेईन. "सगळे फोटो नंतर पाठवतो, आधी पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" असं ऐकलं की बोलणं तिथेच संपवा.

यूपीआयने पैसे गेले असतील तर तासाभरातच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. चॅट पुसू नका, पार्सलचं वेष्टन फेकू नका, वस्तऱ्याला दगड लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. माझी तक्रार नोंदली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तोच वस्तऱ्याचा फोटो नव्या नंबरवरून गेल्या आठवड्यात माझ्या मडगावच्या मावसभावाला आला. या वेळी घर लोटलीचं नव्हतं, चांदरचं होतं.