आठवड्याच्या अंतराने दोन फुल मॅरेथॉन: रिकव्हरी सेंटरचं पॅकेज घ्यावं का?

पुणे मॅरेथॉन १ डिसेंबर २०२४, वसई-विरार ८ डिसेंबर आणि मुंबई १९ जानेवारी. मला तिन्ही फुल करायच्या होत्या. पुणे आणि वसईच्या मध्ये सात दिवस, त्यातून प्रवासाचा शनिवार वजा. म्हणून कोथरूडमधल्या एका रिकव्हरी सेंटरचं पॅकेज घेतलं: बर्फाचा टब, हवेचे बूट आणि फिजिओथेरपिस्ट, तिन्ही मिळून साडेसहा हजार. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात आता अशा बऱ्याच जागा झाल्या आहेत आणि मेन्यू सगळीकडे साधारण हाच असतो. माझं वय एकावन्न, नोकरी बसून करायची, फुलचा वेळ पाच तासांच्या आसपास. पंचविशीतल्या पोरांनी आपापला हिशेब लावावा.

जागा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी जिना चढणं एक वेळ जमतं, उतरताना कठडा धरून आडवं चालावं लागतं. रिकव्हरी सेंटरसाठी ही जागा निवडणाऱ्याला एकदा बेचाळीस किलोमीटर पळवलं पाहिजे.

बर्फाच्या टबाबद्दल आधी सांगते, कारण सगळे त्याचेच फोटो टाकतात. साधारण १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं कमरेपर्यंत बसायचं. पहिली दोन मिनिटं श्वास हातात राहत नाही, नंतर पाय बधिर होतात आणि माणूस गप्पा मारायला लागतो. फरक पडतो का? पडतो. त्या रात्री मांड्या ठणकल्या नाहीत आणि झोप लागली. पण भिंतीवरच्या फलकावर ११ अंश लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. दही लावायला घेतलेला थर्मामीटर मी पिशवीत टाकून नेला होता. संध्याकाळी आठच्या सुमाराला त्याने १७ दाखवलं, कारण आमच्या आधी बरीच मंडळी त्याच पाण्यात बसून गेली होती. सांगितल्यावर तिथल्या मुलाने निमूट बर्फ आणून ओतला, वाद घातला नाही. तेवढे गुण त्याला. शक्यतो सहाच्या आत जा, पाणी गार असतं आणि स्वच्छही.

हवेचे बूट मात्र चैन आहे. पावलांपासून जांघेपर्यंत चेन लावायची, मग एकेक कप्पा खालून वर फुगत जातो आणि सुटतो. ऑपरेशननंतर पडून असलेल्या पेशंटच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हॉस्पिटलात जे यंत्र लावतात, त्याचाच हा भाऊ. (पायात गुठळी होऊन गेली असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पाय घालू नका. सेंटरवर मला हे कुणीही विचारलं नाही, आणि ही मला मोठी चूक वाटते.) अर्धा तास पडून राहिल्यावर पाय हलके वाटतात. पण पुढच्या धावण्यात ताकद वाढल्यासारखं मला काही जाणवलं नाही.

काउंटरवरची मुलगी सांगत होती, बुटांनी लॅक्टिक ॲसिड निघून जातं. अगं बाई, ते धावणं थांबल्यावर तास-दीड तासात आपोआपच निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं, ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ती भरायला वेळच लागतो. वर, पॅकेज वाढवून घ्यावं म्हणून तिने आशिष कासोदेकरांचं उदाहरण दिलं: त्यांनी तर ६० दिवसांत ६० मॅरेथॉन केल्या, तुमच्या तीनच आहेत, काकू! कासोदेकर आपल्या पुण्याचेच, २०२१-२२ च्या हिवाळ्यात त्यांनी तो विक्रम केला. पण उद्या पुन्हा धावायचंय हे ठाऊक असलेला माणूस आजचा वेग आवरतो. आम्ही पुण्यात शेवटच्या दोन किलोमीटरला जीव काढणार आणि मग बूट शोधणार.

पैसे वसूल झाले ते फिजिओच्या टेबलावर. तिशीच्या आतली मुलगी, मोजकं बोलणारी. तिने आधी मला जिना उतरायला लावलं, मग एका पायावर उभं करून टाचा उचलायला लावल्या. नडगीचं हाड बोटाने इंच-इंच दाबत गेली. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं तर हाडाला चीर असू शकते, आणि मग वसईचं नाव काढायचं नाही, असं तिने आधीच बजावलं होतं. तसं काही निघालं नाही. सोमवार-मंगळवार धावणं बंद, बुधवारी चालणं, गुरुवारी पोहणं, शुक्रवारी तीन किलोमीटर अगदी सावकाश. वसईला किलोमीटरमागे चाळीस सेकंद हळू धावायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. शर्यतीच्या दिवशी पेनकिलर अजिबात नको, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडांवर येतात. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची आणि ती नेहमीपेक्षा चढी दिसली तर शुक्रवारचं धावणंही सोडायचं.

मसाज मागितला तर म्हणाली, पहिले दोन दिवस खोल दाबायचं नाही, घरीच तिळाच्या तेलाने हलका हात फिरवा. खाण्याचं विचारलं तर म्हणाली, पावडरी राहू द्या, भात खा. मग आठवडाभर दोन्ही वेळा वरण-भात-तूप, मधल्या वेळी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. नवऱ्याने लग्नानंतर प्रथमच माझ्या ताटाकडे आदराने पाहिलं.

वसई ठरवल्याप्रमाणे हळू झाली, पुण्यापेक्षा अर्धा तास जास्त लागला, पण संपल्यावर प्लॅटफॉर्मचा पूल मी सरळ तोंडाने उतरले. मुंबईच्या आधी सहा आठवडे होते, तेव्हा टब आणि बूट दोन्हींची उरलेली सेशन वापरावी असं वाटलंच नाही. एवढ्या वेळात शरीर स्वतःच सावरतं. ती सेशन मी भाच्याला देऊ केली, तर काउंटरवर ‘ट्रान्सफर होत नाही’. पावतीवर तसं छापलेलं नव्हतं. बऱ्याच बोलाबोलीनंतर एक दिलं.

तर दोन शर्यतींत आठ-दहा दिवसच असतील, तर टब सुटा घ्या; सहाशे रुपये आहे. बूट घरच्यांनी वाढदिवसाला दिले तर जरूर घाला. फिजिओचं तपासणीचं सेशन आठशेला आहे, तेवढं मात्र घ्याच, आणि शर्यतीच्या आदल्या आठवड्यातच फोन करून सोमवारची वेळ धरून ठेवा. रविवारी संध्याकाळी फोन केला तर गुरुवारशिवाय मिळत नाही.