नौपाड्यातलं करिअर समुपदेशन : बाबांसोबतचे दोन तास

ठाण्यात गोखले रोडवरच्या त्या दोन खोल्यांच्या समुपदेशन केंद्रात आम्ही गेलो, तेव्हा माझं आणि बाबांचं आठ दिवस धड बोलणं नव्हतं. माझं बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्सची पदवी) झालंय आणि ऑगस्टमध्ये सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेची पहिली लेव्हल सुटली. ऐरोलीतल्या एका कंपनीची फंड अकाउंटिंगची, म्हणजे गुंतवणूक फंडांचे हिशोब ठेवण्याच्या कामाची ऑफर हातात होती, वर्षाला ४.२ लाख, रात्रपाळी. मला मात्र वर्षभर एका नाटकाच्या व्यवस्थापकांच्या हाताखाली काम करायचं होतं. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, १,००० रुपये, महिन्याला बारा-पंधरा प्रयोग, पावसाळ्यात त्याहून कमी.

आधी तक्रार सांगते. ३,००० रुपयांत सुरुवातीला एक कल चाचणी देतात. चाळीस मिनिटं गोल काळे केल्यावर कळलं, की मला बँकिंग, शिक्षण आणि विक्री ही क्षेत्रं जमतील. पहिली लेव्हल पास झालेल्या मुलीला याचा काय उपयोग? चाचणी वगळून फी कमी करायला हवी. ते मी तिथे सांगितलंही.

त्यानंतरचे दोन तास मात्र पैसे वसूल. समुपदेशक मॅडमनी बाबांना बाहेर बसवलं नाही. त्यांचाच मुद्दा आधी घेतला : वर्ष गेलं तर बचतीचं नुकसान किती? महिना ५,००० ची एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) म्हणजे वर्षाचे ६०,०००. १२ टक्के परतावा धरला तर तीस वर्षांनी साधारण १८ लाख. आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मग ६ टक्के महागाई धरून त्यांनी तोच आकडा मागे आणला : आजच्या किमतीत तीन लाखांच्या आसपास. "ही या वर्षाची किंमत. द्यायची की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा," एवढंच म्हणाल्या. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसरी गोष्ट मला स्वतःला माहीत असायला हवी होती. सीएफए चार्टरसाठी, म्हणजे ती पदवी नावापुढे लावायला, तिन्ही लेव्हल लागतात, शिवाय किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा अनुभव. तो गुंतवणुकीच्या निर्णयांशी थेट जोडलेला हवा. नाटकाचं काम त्यात धरणार नाहीत, हे उघड होतं. पण नुसत्या नोंदी करण्याचं काम असेल तर ऐरोलीची नोकरीही धरतीलच असं नाही! मॅडमनी ऑफर लेटरमधलं कामाचं वर्णन ओळ न ओळ वाचून दाखवलं. इतके दिवस आम्ही घरी ज्या गोष्टीवर भांडत होतो, तिचा पायाच कच्चा होता.

मग अभ्यासाचा हिशोब. एका लेव्हलला ३०० तास लागतात असं धरतात. दुसरी लेव्हल मेमध्ये द्यायची तर नोव्हेंबरपासून आठवड्याला अकरा-बारा तास. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मधले दिवस मोकळे. रात्रपाळी करून हे मला झेपलं नसतं.

त्यांनी माझ्याकडून दोन अटी लिहून घेतल्या. एक, मेचा पेपर चुकवायचा नाही. दोन, प्रत्येक प्रयोगाचा जमाखर्च मी स्वतः मांडायचा : थिएटरचं भाडं, जाहिरात, कलाकारांच्या नाईट, बस, कपडेपट, तिकिटविक्री, कॉन्ट्रॅक्ट शो (ठरावीक रकमेला विकलेले प्रयोग). पुढच्या मुलाखतीत 'वर्षभर काय केलंस?' विचारलं की ती वही पुढे करायची. व्यवस्थापक काकांना हे सांगितलं तर ते खूश झाले. त्यांचे हिशोब अजून डायरीतच असतात.

कंपनीला जॉइनिंग पुढे ढकलण्याबद्दल मेल कसा लिहायचा तेही मॅडमनी सांगितलं. उत्तर नकाराचं आलं : ऑफर रद्द, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. बाबा अजून पूर्ण राजी नाहीत, पण आईला त्यांनी तो कागद दाखवला आणि महागाईचं गणित समजावून सांगितलं.

पाचपैकी चार. जाणार असाल तर ऑफर लेटर, मार्कशीट आणि घरचा जो माणूस विरोधात आहे त्याला सोबत न्या. शनिवार संध्याकाळची वेळ घेऊ नका, गोखले रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही. स्टेशनवरून चालत जा.